लेकीच्या घरचं पाणी

वेलजी मालमांनी कोर्टात खरं सांगितलं आणि तिथंच घोडं अडलं.

जज्जसाहेबांनी अगदी साधं विचारलं होतं. "काका, तुमच्या नाती सध्या तुमच्या मुलीकडे राहतात. तुमचं त्या घरी येणंजाणं आहे ना? खाणंपिणं?"

म्हाताऱ्यानं छाती पुढं काढली. "साहेब, आमच्या दर्यादेवाची, दर्यालालाची आण घेऊन सांगतो. लेक दिली त्याला सोळा वर्षं झाली. तिच्या घरच्या पाण्याचा एक थेंब या गळ्याखाली उतरला असेल, तर जीभ झडेल माझी!"

आणि मग चहूकडे असं काही रुबाबात पाहिलं, जणू लेकीच्या पदरात आत्ताच निकाल टाकला. खलाशांच्या खारवावाड्यात हे वाक्य कुणी बोललं असतं तर दहा जणांनी मान डोलावली असती. लेक दिली ती दिली, तिच्या घरावर आपला भार टाकायचा नाही, हे मांडवी बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण साहेब बदली होऊन आलेले, पार दमणच्या बाजूचे. त्यांनी चष्म्यावरून एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि टाइप करणाऱ्याला म्हणाले, "लिहा. आजोबा त्या घरात पाणीसुद्धा घेत नाहीत."

त्यांच्या लेकीनं, जशुनं, कपाळाला हात लावला. पलीकडच्या बाकावर पोरींचा जेंतीमामा बसला होता, त्यानं मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. त्याला रीत ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? चांगली ठाऊक होती मेल्याला! त्याच्या वकिलानं अर्जात हाच मुद्दा घातला होता, की मुलींच्या आत्याचं माहेराशी पटत नाही, सख्खा बाप तिच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आता बापानंच त्यावर शिक्का मारून दिला.

प्रकरण तसं दोन ओळींचं होतं. जशुचा भाऊ लालजी वहाणावर, म्हणजे मालाच्या गलबतावर, खलाशी. वहाणाच्या शेठचं परदेशातल्या कुठल्याशा बंदरात भांडण लागलं, वहाण अडकलं, आणि वहाणाबरोबर अकरा माणसं अडकली. तेरा महिने झाले. लालजीची बायको वनिता दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. राहिल्या दोन पोरी, बारा वर्षांची कृपाली आणि सहा वर्षांची नीलू. त्या जशुकडे, म्हणजे आपल्या फईकडे, आत्याकडे, आल्या आणि राहिल्या. कागद कुणाला सुचतो अशा वेळी?

तो दिवाळीत जेंतीमामाला सुचला. वनिताचा हा भाऊ पोरबंदरचा. बहीण गेल्यावर बाराव्याला आला होता, तो थेट आता उगवला. त्याच्या बायकोला जुळं झालं होतं आणि कामाला बाई टिकत नव्हती. "कृपालीला मी नेतो," म्हणाला, "शिकेल, राहील. नीलूला एखाद्या आश्रमशाळेत घालू, तिथं फार चांगलं असतं." कृपालीनं ते ऐकलं आणि त्या रात्रीपासून नीलूचा हात धरल्याशिवाय ती झोपली नाही. लालजी आठवड्यातून एकदा फोनवर यायचा, अर्धं बोलणं वाऱ्यात जायचं. पण एक वाक्य दर वेळी नीट ऐकू यायचं. "जशु, दोघींना तोडू नको गं." म्हणून जशुनं शहाण्यानं चढू नये ती पायरी चढली. बाप परत येईपर्यंत दोघींची पालक मी, एवढाच कागद तिला हवा होता.

"तुमच्या बापुजींनी स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला," जशुचे ओझा वकील कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाले. "आता ऐका. शुक्रवारी बालकल्याणच्या परमारबेन घर बघायला येतील. साहेब त्यांच्या अहवालावरच निकाल देणार. त्या दिवशी काकांना तुमच्या घरात बसवा, चार घास खायला लावा. निदान पेलाभर पाणी."

"आणि रीत आहे म्हणून सांगितलं तर?"

"बेन, रीत कागदावर दिसत नाही. पाण्याचा पेला दिसतो."

बुधवारी जशु बापाकडे गेली. वेलजी मालम अंगणात बाटली भरत बसले होते. त्यांच्या गल्लीत गोड्या पाण्याची विहीर आहे, म्हातारा तिचंच पाणी प्यायचा. रोज संध्याकाळी ही बाटली काखेत मारून ते लेकीच्या दारी यायचे, बाहेरच्या ओट्यावर बसायचे, नातींशी गप्पा मारायचे आणि तहान लागली की आपली बाटली तोंडाला लावायचे. सोळा वर्षांत यात खंड नव्हता. पावसात ओटा भिजला तर उभ्यानं गप्पा मारायचे, पण आत नाही.

"बापा, शुक्रवारी एक पेला पाणी घ्या माझ्याकडं," जशुनं सरळच सांगितलं.

"काही दुसरं माग."

"दुसरं नकोच आहे मला! पोरी जातील बापा. कृपाली तिकडं जुळ्यांची दुपटी धूत बसेल आणि नीलू कुठल्या तरी आश्रमात रडत बसेल. एका पेल्यासाठी!"

म्हाताऱ्यानं बाटलीचं बूच घट्ट लावलं. "तुझी मोठी फई, माझी बहीण, ठाऊक आहे?"

"नाही. मी झाले तेव्हा ती नव्हती ना."

"नव्हतीच. माझ्या बापाचं वहाण फुटलं तेव्हा आम्ही महिनाभर तिच्या सासरी जेवलो. एक महिना, जशु. त्यानंतर नऊ वर्षं जगली ती, आणि नऊ वर्षं ती ताटावर बसली की तिच्या सासूनं ऐकवलं, तुझ्या बापानं आमची खिचडी खाल्ली. बहीण मरायला टेकली तेव्हाही ती सासू तेच बोलत होती, मी दारात उभा होतो. तेव्हा शपथ घेतली. माझ्या लेकीला असं कुणी ऐकवणार नाही."

घरी येताना जशुला बापाचा राग येत होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदमच.

घरात सासू, मोंघीबा, लसूण सोलत बसली होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात खोट नव्हती. "काय म्हणतात मालम? आमच्या पाण्याला बाट लागलीय का?"

"बा, तुम्ही तरी नका हो."

"मी काय केलं? दोन पोरींचे चार हात वाढले, खिचडीत मी दोन लोटे पाणी वाढवलं, चकार शब्द काढला का?" काढला होता, रोज काढत होती, पण नीलूच्या वेण्याही रोज तीच घालायची. "रुपया ठेवून प्यायला सांग. पैसे दिले की पाणी विकतचं होतं. माझे वडील तसंच करायचे."

जशुनं तेही संध्याकाळी ओट्यावर सांगून पाहिलं. म्हातारा म्हणाला, "दर्याला रुपया देऊन फसवता येत नाही," आणि बाटली तोंडाला लावली.

शुक्रवार उजाडला. जशुनं पहाटेच डाळ चढवली, तिच्याकडं ती शिजायला दुपार व्हायची. दोन खोल्यांचं घर तीनदा झाडलं. नवरा भरत वहाणं बांधायच्या वाड्यात सुतार. त्यानं रजा टाकली आणि दिवसभर इकडून तिकडं फिरून सगळ्यांच्या पायात आला. "मी काय बोलू?" त्यानं चौथ्यांदा विचारलं. "तुम्ही काही बोलूच नका," जशु म्हणाली.

परमारबेन चारला आल्या. तिशीची बाई, खांद्याला पिशवी, हातात फाईल. हसल्या, पण बेताच्या. पोरी कुठं झोपतात, अभ्यास कुठं करतात, शाळेच्या वह्या, लसीचे कागद, सगळं बघितलं. कृपालीला विचारलं, "तुला मामाकडे जायचंय का?"

कृपालीनं नीलूचा हात असा आवळला की नीलूच ओरडली, "अगं, दुखतंय!"

परमारबेननी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते जशुला उलटं दिसत होतं, वाचता येईना.

"आजोबा कुठे आहेत?"

आजोबा ओट्यावर होते, रोजच्यासारखे, पायाशी बाटली. सगळे दाराशी आले. परमारबेन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "काका, नेहमी इथंच बसता? आत नाही?"

"इथं वारा लागतो," वेलजी मालम म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं ते, कुणालाही कळलं असतं.

"मामांच्या अर्जात लिहिलंय की तुमचा या घराशी दुरावा आहे. माझे वडीलही माझ्या घरी पाणी घेत नाहीत काका, मला समजतं. पण मी जे बघते तेच लिहू शकते. या रकान्यात मी काय लिहू?"

भरतनं तोंड उघडलं आणि जशुकडं बघून मिटलं. तेवढ्यात नीलू आजोबांकडे बोट दाखवून म्हणाली, आणि तिला वाटलं ती मदत करतेय, "दादा आमच्याकडे पाणी नाही पीत. आधी प्यायचे माझ्या हातचं, आम्ही आमच्या घरी होतो ना तेव्हा. आता आम्ही फईकडे आलो म्हणून त्यांना आम्ही आवडत नाही."

"गप गं," कृपाली म्हणाली, पण उशीर झाला होता.

म्हातारा नीलूकडे बघत राहिला. वहाणाचा मालम म्हणून भर वादळातही सुकाणू सोडलं नाही असा माणूस, पण त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. "असं वाटतं तुला?"

नीलूनं मान हलवली. हो.

वेलजी मालम उठले. गुडघा धरून, भिंतीला हात लावून. चपला काढल्या. उंबऱ्याशी आले तशा परमारबेन बाजूला झाल्या. आत आले आणि मधोमध जमिनीवरच बसले, खाटेवर नाही.

"जशु, पाणी दे."

जशु जागची हलेना. तिला ऐकू आलं होतं, पण खरं वाटेना. मोंघीबाच आधी भानावर आली. "अगं बघतेस काय? बाप तहानलाय!" मग जशु माठाकडं धावली. घाईत लोटा भरताना निम्मं पाणी भुईवर गेलं. तिनं पुन्हा भरला आणि बापासमोर धरला.

त्यांनी लोटा दोन्ही हातांत घेतला. एकवार मोंघीबाकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, आणि जशुनं बापाला अशी विनवणी करताना आजवर कधी पाहिलं नव्हतं. मग लोटा उंच धरून घटाघट प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामा लोटा नीलूच्या हातात दिला. "आता तू भरून आण. दुसरा."

नीलू उड्या मारत गेली.

मोंघीबानं पदरानं नाक पुसलं. "मालम," ती म्हणाली, "माझ्या सुनेला यावरून कुणी एक अक्षर बोललं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे. मी बोलले, तर माझीसुद्धा माझ्याशीच."

परमारबेननी रकाना भरला. फाईल मिटताना म्हणाल्या, "दोघी इथंच, एकत्र, बाप येईपर्यंत. असाच अहवाल जाईल. साहेब सहसा माझं मोडत नाहीत." कृपालीनं नीलूचा हात सोडला, तिच्या बोटांचे वळ नीलूच्या मनगटावर उठले होते.

परमारबेनना कोपऱ्यापर्यंत सोडायला भरत गेला. घरात जरा सैलावलं. जशु बापासमोर बसली, तिला त्यांचे पाय धरायचे होते, पण म्हातारा नीलूनं आणलेल्या दुसऱ्या लोट्यात डोकावून पाहत होता. जिभेनं ओठ चाटत होता.

"जशु," ते हळूच म्हणाले, "हे पाणी खारट आहे."

"हो बापा. या गल्लीत असंच येतं. डाळसुद्धा शिजत नाही."

"सोळा वर्षं हे पितेस? आणि मी रोज बाहेर बसून गोडं पीत होतो? बोलली का नाहीस गं कधी?"

"तुम्ही कधी आत आलात, बापा?"