लेन्सची राखण

बाबा गेल्यावर आईनं त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स चामड्याच्या डब्यात जपून ठेवली आणि घरातले पडदे ओढून घेतले. ती माझं ऐकेल तर शपथ! मध्यंतरी डबा उघडला, तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

दुरुस्तीवाले काका आईवरच उखडले. "चामडं ओल धरतं, बाई! पुसून दिलीय, पण रोज कोवळं ऊन दाखवा. आणि उन्हात एकटी सोडू नका, भिंगानं पडदा पेटेल."

तेव्हापासून आई रोज पडदे सारून लेन्सची राखण करत उन्हात बसते, खिडकीतून शेजारणीशी गप्पा मारते. माझा घसा कोरडा पडला तरी जे जमलं नाही, ते बुरशीनं करून दाखवलं. तिचे उपकार कसे फेडू?

लेन्स कधीच बरी झालीय. पण आईला सांगाल तर खबरदार!