उलटी नळी

सरांनी अहवाल माझ्या टेबलावर टाकला आणि माझं डोकंच फिरलं. ‘तळं पूर्वी घाण होतं, आता सुधारतंय.’ सुधारतंय म्हणे! माझा दादा त्याच तळ्यात मासे धरतो, आणि हल्ली त्याच्या जाळ्यात मेलेलेच मासे येतात. कारखान्याचं सांडपाणी तळ्यात सोडायचं की बंद करायचं, हे दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीत याच अहवालावर ठरणार होतं.

आमचं काम तसं सरळ. तळ्याच्या गाळात नळी खुपसायची आणि गाळ थरांसकट वर काढायचा. वरचा थर आजचा, तळचा पणजोबांच्या काळातला. प्रत्येक थरात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची काचेसारखी कवचं असतात. स्वच्छ पाण्यातल्या जाती वेगळ्या, घाणीतल्या वेगळ्या. वरच्या टोकाला लाल पट्टी चिकटवायची, एवढं मात्र विसरायचं नाही. होडीत फोटो काढून घेण्याच्या नादात सरांनी ती खालच्या टोकाला चिकटवली होती.

“सर, पणजोबांच्या थरात शांपूच्या पुडीचा तुकडा निघालाय. नळी उलटी धरली आपण.”

“वरून घसरला असेल. अहवाल गेलाय, आता माझं हसं करू नकोस.”

“आणि दादानं मेलेले मासे वेचत बसायचं?”

“भावाचं प्रेम घरी ठेव.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळी उभी चिरून आम्ही अर्धीच तपासतो, उरलेली अर्धी थंड खोलीत जपून ठेवतो. सकाळी ती काखोटीला मारली आणि तडक सुनावणीला गेले.

सर ‘सुधारणा’ समजावून सांगत होते. मी नळी सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि दोन्ही टोकांचं प्लास्टिक सोडलं. पट्टी नसलेल्या टोकाकडून असा भपकारा आला की साहेबांनी रुमाल काढला. कारखान्याच्या वकिलानं खुर्ची मागे ओढली.

दादा मागच्या बाकावरून उठून आला. वाकून हुंगत म्हणाला, “हाच वास. माझ्या जाळ्याला येतो तो.” मग लाल पट्टीच्या टोकाशी गेला. तिथं नुसता ओल्या मातीचा वास होता. बराच वेळ तो वाकून हुंगत राहिला. “इतकं चांगलं होतं आपलं तळं?” त्यानं मला हळूच विचारलं. त्याचा तो आवाज ऐकून मला ती नळी सरांच्या टाळक्यात घालावीशी वाटली.

साहेबांनी सरांकडे पाहिलं. “यातलं आजचं टोक कुठलं?”

सरांनी लाल पट्टीकडे बोट दाखवलं.

“सर,” मी म्हणाले, “आधी नाकावरचा हात काढा, मग सांगा.”