प्रल्हादच्या शिकारीची व्यवस्था

प्रल्हादने मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "दिन्या, फक्त दोघंच. कुणाला बोलू नकोस." मी कुणाला बोललो नाही. गिरिजाला सांगितलं, पण बायकोला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे.

विषय शिकारीचा होता. सिडनीहून निघायचं, राज्याची हद्द ओलांडून व्हिक्टोरियाच्या डोंगरात जायचं आणि हरीण मारायचं. तिकडे हरणं उदंड झाली आहेत, रीतसर परवाना काढून मारता येतात. प्रल्हादने लायसन्स काढलं, बंदूक घेतली, ती ठेवायला घरात तिजोरी बसवली, तिकडचा परवाना मागवला. यात त्याची दोन वर्षं गेली. आणि आता जुलैत त्याची बदली मेलबर्नला. तिथल्या पॉइंट कुक उपनगरात घरही बघून झालेलं. डोंगर त्याला तिथून जवळच पडणार होते. हरणं कुठे जात नव्हती, पण मी इकडे सिडनीत, टूनगॅबीतच राहणार होतो.

युनिव्हर्सिटीत असताना वेंटवर्थव्हिलच्या एका खोलीत आम्ही दोघांनी तीन वर्षं काढली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत आम्ही दोघंच असे तासभरही बसलो नाही. कायम कुणाचं तरी बारसं, नाहीतर बार्बेक्यू. "हरीण नाही मिळालं तरी चालेल," प्रल्हाद म्हणाला. "पण जूनच्या लाँग वीकेंडला जाऊच."

मला बंदूक धरता येत नाही. पण राहण्या-जाण्याची व्यवस्था हा माझा प्रांत. एका गोदामात मी ट्रकांची वेळापत्रकं लावतो. रोज साठ ट्रक, एकाचीही कुरकुर नाही. "राहण्याचं मी बघतो," मी म्हणालो.

"जंगलाला लागून एखादी केबिन बघ. दोन बेड, एक शेगडी. बास."

तशी केबिन मला दहा मिनिटांत सापडली. बुक करणार, तेवढ्यात गिरिजाने मागून डोकावून विचारलं, "तिकडे स्नो असतो ना? मुलांनी अजून स्नो पाहिला नाहीये." मुद्दा बिनतोड होता. आठ तास गाडी हाणायची आणि मुलांना घरी ठेवायचं, हे मनाला पटेना. मुलं आली म्हणजे गिरिजा आली. सासूबाई नाशिकहून आलेल्या, त्यांना एकटं कुठे ठेवणार? किरण आणि मानसी या आमच्या शेजाऱ्यांना आम्ही कळू दिलं नव्हतं, पण आमच्या लेकीने त्यांच्या लेकाला शाळेत सांगितलं. लगेच मानसीचा फोन. "आम्हाला वगळलंत होय?" या प्रश्नाला आजवर कुठल्या मराठी माणसाने 'हो' म्हटलंय? मग प्रल्हादच्या बायकोला आणि मुलांना तरी कसं वगळायचं?

सासूबाईंना मटण शिजलेल्या भांड्यांतलं चालत नाही, म्हणून स्वयंपाकघरं दोन हवीत. मुलांना स्पा हवा. किरणच्या पाठीला कडक गादी हवी. दर अटीगणिक घर जंगलापासून लांब लांब जाऊ लागलं. शेवटी दीड तासाच्या अंतरावर सगळं जमलं. मग मी स्प्रेडशीट केली. कोण कुठल्या खोलीत, कुकर कुणाचा, पोहे कितव्या दिवशी. रविवार पहाट शिकारीला ठेवली. इतकी देखणी स्प्रेडशीट मी कंपनीसाठीही कधी केलेली नाही.

प्रल्हादने ती पाहून फोन केला. "बारा जण?"

"अरे, तुझा सेंड-ऑफही होऊन जाईल!"

त्याने शीटवरची बाराही नावं एकेक करून वाचली. मग म्हणाला, "ओके, मेट." त्याला प्लॅन आवडला असं मी धरून चाललो.

निघायच्या आदल्या दिवशी त्याचा परत फोन. "दिन्या, घराचे रूल्स वाचलेस?"

"सगळे. चेकआउट दहाला, बूट बाहेर काढायचे..."

"अकरावा वाच."

अकरावा वाचला. घरात आणि आवारात बंदूक आणायला सक्त मनाई. आठवडाभर मी स्वयंपाकघरं मोजत होतो, बंदुकीला राहायला जागा लागते हे डोक्यातच आलं नाही.

"गाडीत ठेवू या की," मी म्हणालो.

"रात्रभर गाडीत टाकून नाही चालत. ऐक ना. ती केबिन अजून मिळते का बघ. यांना त्या घरी सोडू, आपण दोघं तिकडे राहू."

"सगळ्यांना सोडून? बरं दिसतं का ते? आणि दुसरी गाडी तू चालवणार आहेस, शीटमध्ये टाकलंय मी."

"नो वरीज," तो म्हणाला. बंदूक तिजोरीतच राहिली.

ट्रिप झकास झाली. सासूबाईंनी स्नोचा लाडू वळला. प्रल्हादने मुलांना टेकडीवर नेलं-आणलं, गाडी चालवली, भांडीसुद्धा घासली. रविवार पहाटेच्या रकान्यात मी 'आराम' असं भरून टाकलं होतं. तरी तो उठला होता. चहाचा कप घेऊन अंगणात, डोंगरांकडे तोंड करून एकटाच उभा होता. मी खिडकीतून पाहिलं. जावं असं वाटलं, नाही असं नाही. पण बारा जणांच्या पोह्यांचे कांदे चिरायचे होते.

तो पॉइंट कुकला गेला. सप्टेंबरात त्याचा फोटो आला. जंगल, चिखलाने भरलेले बूट, खांद्यावर बंदूक. मी लगेच फोन लावला.

"मिळालं का?"

"दिसलं एक. लांबून. बघत बसलो."

"कितीजण होतात?"

"दोघंच. शेजारी पद्माकर म्हणून आहे, तो होता."

"आणि राहिलात कुठे? मला विचारायचंस, मी बघितलं असतं."

"गाडीतच झोपलो रे, सीट मागे टाकून. गप्पा मारता मारता झोप लागली."

"नो वरीज," मी म्हणालो आणि फोन ठेवला. ज्याचं तोंडही पाहिलेलं नाही, त्या पद्माकरचा मला असा राग आला की दिवसभर मी घरात कुणाशी धड बोललो नाही. एक गाडी आणि दोन सीट. एवढी व्यवस्था मलाही जमली असती.