एकाच खिळ्यावरचे दोन बिल्ले

मी एक जुने भूत आहे, मित्रांनो, आणि मला अजून राग येतो. भूत म्हटले की केस मोकळे सोडून खिदळणारी बाई तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. तसले चाळे करायला मला सवड नाही. मी फुलांच्या घाऊक गोदामात राहते. जिवंतपणी मी तिथेच फुलांच्या जुड्या बांधायची. माझ्या तापट स्वभावामुळे सगळे मला ठिणगी म्हणायचे.

गोदामात फुले ठेवायची एक थंड खोली आहे. तिचे जाडजूड दार बाहेरून लागते. दाराशेजारी खिळे ठोकलेले आहेत. आत जाताना आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. संध्याकाळी खिळे रिकामे दिसले की मालक दार लावणार. दाराची आतली मूठ मोडली होती, त्यामुळे ते आतून उघडत नसे. मी तक्रार केली की मालकाचे उत्तर ठरलेले, "उद्या बघू." एकदा मी चिडून माझा बिल्ला त्याच्या टेबलावर आपटला. बिल्ल्याची कड वाकली, पण मूठ काही दुरुस्त झाली नाही.

आमचा गाडीवाला इतका उंच होता की सगळे त्याला बांबू म्हणत. बोलायला महालाजाळू. एके दिवशी बाकी सगळे खिळे रिकामे असताना त्याने आपला बिल्ला नेमका माझ्या बिल्ल्यावर अडकवला.

"दुसरीकडे जागा नव्हती का?" मी विचारले.

"होती की," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याने मला मागणी घातली ती एवढीच. दुसऱ्या दिवशी तो आत असताना मी माझा बिल्ला त्याच्या बिल्ल्यावर अडकवला. ते माझे उत्तर होते.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघे आत होतो; एकाच खिळ्यावर माझा बिल्ला खाली आणि त्याचा वर. बांबूला माल पोचवायची घाई होती. खोकी उचलून तो पळाला आणि बिल्ला काढायचा विसरला. मालक दाराशी आला. त्याला वरचा, बांबूचा बिल्ला दिसला आणि बांबू तर त्याच्या डोळ्यांदेखत गाडी घेऊन गेला होता. "विसरला वेंधळा," असे पुटपुटत त्याने दार लावले. खाली दुसरा बिल्ला आहे का, हे पाहिले नाही. आत एक हाकसुद्धा मारली नाही. मी दार बडवत राहिले आणि पहाटे थंडीने गारठून मेले.

सकाळी त्याने मला बाहेरच्या खुर्चीत आणून बसवले आणि सगळ्यांना सांगितले, "बसल्या बसल्या गेली बिचारी. हृदय कमजोर होतं तिचं." माझे हृदय आणि कमजोर! माझा बिल्ला त्याने ड्रॉवरमध्ये दडवला. बांबूने त्याचे बोलणे खरे मानले. त्याने लग्न केले नाही. त्याचे केस पिकले, तरी मी रोज त्याच्या कानाशी ओरडायचे, "खोटं आहे रे सगळं!" त्याला नुसता गारवा लागायचा, आणि तो स्वेटरची बटणे लावायचा. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

गेल्या महिन्यात बांबूची भाची इथे कामाला लागली. "बिल्ला उद्या देतो," मालक म्हणाला. पुन्हा तेच उद्या! पहिल्याच संध्याकाळी ती आत फुले रचत होती. मालकाने रिकामे खिळे पाहिले, दार लावले आणि टेबलाशी जाऊन बसला.

मित्रांनो, राग फार चढला की मला हलक्या वस्तू हलवता येतात. त्या दिवशी मी ड्रॉवर उघडला, माझा बिल्ला काढला आणि खिळ्यावर अडकवला. बांबू गाडीची किल्ली ठेवायला आला. वाकलेली कड पाहून तो जागीच थबकला.

"मालक, हा तर ठिणगीचा बिल्ला! इथे कसा?"

मालकाची बोबडी वळली. "मी... मी तर ड्रॉवरमध्ये ठेवला होता."

"बिल्ला आहे म्हणजे आत माणूस आहे," बांबू म्हणाला आणि त्याने दार खेचले. भाची थरथरत बाहेर आली.

"मामा, आतली मूठ फिरतच नाही!"

बांबू मालकाकडे वळला. "ठिणगी पण आत होती ना? खरं सांगा!"

मालक एवढा निर्लज्ज, की म्हणाला, "तुझाच बिल्ला वर होता म्हणून मी फसलो. चूक तुझी आहे."

बांबू मटकन खाली बसला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "तुझी चूक नाही रे! मूठ कोणी दुरुस्त केली नाही? हाक कोणी मारली नाही?" त्याने फक्त स्वेटर अंगाशी आवळला.

पण भाची गरजली, "मूठ मामाने मोडून ठेवली होती का? चला, पोलिसांनाच सांगू." मला ती पोरगी फार आवडली.

आता चौकशी चालू आहे. नवी मूठ बसली आहे. बांबूने माझा बिल्ला खिळ्यावरच राहू दिला. काल आत जाताना त्याने आपला बिल्ला शेजारच्या खिळ्याला अडकवला. माझ्या बिल्ल्यावर ठेवायची त्याला आता भीती वाटते. मी माझा बिल्ला उचलला आणि त्याच्या बिल्ल्यावर ठेवला. बाहेर आल्यावर त्याने ते पाहिले. बराच वेळ त्याने स्वेटरची बटणे लावली नाहीत.

मित्रांनो, मोडलेली मूठ उद्यावर टाकू नका. दार लावण्याआधी आत एक हाक मारा. बांबू आता रोज मारतो, "आत कोण आहे?"

"कोणी नाही, मामा," शेजारी उभी असलेली भाची म्हणते.

तरी तो जरासा थांबतो. मी असते.