ओर्बुस, ओर्बा, ओर्बुम

शब्द: ओर्बुस. लॅटिन विशेषण.

लेक गेल्यावर तीन आठवड्यांनी ताई लॅटिन-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत आल्या. टेबलावर 'ओ'चा उरलेला गठ्ठा होता आणि त्यात वरच ही चिठ्ठी. मुद्दाम कुणी ठेवली नव्हती. वर्णक्रमाला काय पडलंय?

रूपं: पुल्लिंगी ओर्बुस, स्त्रीलिंगी ओर्बा, नपुंसकलिंगी ओर्बुम.

हात चालत होता. डोकं शेजारच्या खोलीत बसल्यासारखं.

व्युत्पत्ती: आपला 'अर्भक' याच मुळातला, असं जाणकार मानतात.

ताईंनी तेही उतरवलं. पाणी प्यायल्या. बेचव लागलं, पण पाण्याला चव असते कुठे.

विभक्ती: जे हिरावलं, ते बहुधा पंचमीत. ऊन, हून. ताटातुटीची विभक्ती.

अर्थ:

इथे पेन अडलं. आईबाप गेलेलं मूल ओर्बुस, मूल गेलेले आईबापही ओर्बुस. मुलासाठी 'पोरका' होता. आईबापांसाठी रकाना एका शब्दाचा, आणि शब्द नाही.

"निपुत्रिक टाका की," मुद्रितशोधक म्हणाला. कुठेही थांबायची खोड म्हणून त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत.

"निपुत्रिक म्हणजे ज्याला झालंच नाही."

"अहो, शेवटी एकच ना..." आणि त्यानं जीभ चावली.

तेवढ्यात संपादक आले. "ताई, 'ओ' आज छापायला जातोय. घोडं कुठे पेंड खातंय?"

"शब्द मिळत नाही, सर."

"मग मी निपुत्रिक टाकतो."

म्हणजे बावीस वर्षं वेणीला हात लावू न देणारी ती पोरगी झालीच नव्हती, असं छापून येणार. तेही ताईंच्याच चिठ्ठीवरून.

"पोरकी," ताई म्हणाल्या.

"आई कशी पोरकी होईल? पोरकं मूल होतं."

"शब्दात पोर आहे ना, सर? मग पोर गेल्यावर मागे राहील ते पोरकं."

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "व्याकरणाला धरून नाही हे."

"नाही."

"लोक पत्रं लिहितील."

"लिहू देत. उत्तरं मी देईन."

संपादक स्वल्पविरामाकडे वळले. "रकान्यात बसतं का रे?"

त्यानं अक्षरं बोटावर मोजली. तीनच तर होती, तरी दोनदा मोजली. "बसतं, सर."

ओर्बा: पोरकी. (आईसुद्धा.)

ताईंनी चिठ्ठी पालथी ठेवली आणि पुढची घेतली.

शब्द: ओर्का. नाम, स्त्रीलिंगी. देवमाशाची एक जात.

याला शब्द होता.