मंत्रीसाहेबांची हजामत

मित्रांनो, माझी गादी फाटली आहे, एक हात लुळा पडला आहे आणि फिरवलं की मी कण्हते. केशकर्तनालयातली मी एक जुनी खुर्ची. पण आमचे न्हावी, म्हणजे वस्ताद, यांनी मला नवीकोरी दुकानात आणली, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका! लाल रेक्झिन, चकचकीत पाय आणि दट्ट्या दाबला की मी ऐटीत वर जायचे. लहान मुलांसाठी माझ्या हातांवर फळी टाकत. ती मुलं असं भोकाड पसरायची की, मला कान नाहीत तेच बरं, असं वाटायचं.

समोरचे शिंपीकाका माझं लाडकं गिऱ्हाईक. बसल्या बसल्या घोरत, पण मान तसूभर हलवत नसत. एका वर्षी ते वाळून काटकी झाले. रक्त तपासलं तेव्हा एड्स झाल्याचं कळलं आणि बातमीला पाय फुटले. वस्तादांनी नेहमीसारखे त्यांचे केस कापले मात्र, गिऱ्हाइकं पसार झाली! किराणा दुकानदार तेवढा आला. त्याने आधी मला फिनेलने आंघोळ घातली आणि तरीही केस उभ्यानेच कापून घेतले. माणूस ताडमाड, वस्तादांना स्टुलावर चढावं लागलं. माझ्यात कोणी बसेना आणि दुकान मात्र बसलं.

शिंपीकाकांनी येणं सोडलं. वस्तादांनी हाक मारली, तर दारातूनच म्हणाले, "नको रे. माझ्यापायी तुझ्या घरची चूल विझायला नको." त्यांच्याकडे कपडे शिवायला टाकणंही लोकांनी बंद केलं होतं. केस मानेवर रुळू लागले, डोळे आत गेले. मला फार वाईट वाटायचं.

अशात नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला आरोग्यमंत्री आले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानावर सगळं घातलं. साहेबांनी भाषण गुंडाळलं, शिंपीकाकांना घरातून हाताला धरून आणलं आणि तडक आमच्या दुकानात शिरले. मागे पोलीस, फोटोवाले आणि माना उंचावणारी गर्दी.

"आधी यांचे काप, मग माझे," साहेब म्हणाले.

शिंपीकाकांचे केस झाले. वस्ताद मला पुसायला धावले, तर साहेब "राहू दे रे" म्हणत धपकन बसले. त्यांनी टोपी काढली आणि वस्तादांची कात्री हवेतच थांबली. साहेबांच्या डोक्यावर फक्त कानांच्या वर थोडी झालर होती.

"काय कापू, साहेब?"

"सापडेल ते काप. नाहीच सापडलं तर दाढी कर. फक्त पातं नवं लाव. ते काळजीचं काम, प्रत्येक गिऱ्हाइकाला करायचं."

मग आरशातूनच गर्दीकडे बघत ते म्हणाले, "एड्स खुर्चीतून होत नाही. एकाच कपातून चहा प्यायल्याने किंवा हातात हात घेतल्यानेही होत नाही. खुर्चीतून एकच रोग होतो, तो आम्हा पुढाऱ्यांना होतो. त्याच्यावर औषध नाही!"

गर्दी खो खो हसली. हसता हसता दोघंतिघं बाकावर टेकले आणि दुकान पुन्हा सुरू झालं.

साहेब हसवून मोकळे झाले नाहीत. त्यांनी भांडभांडून सरकारी दवाखान्यांत एड्सवरची औषधं फुकट मिळतील अशी सोय केली. शिंपीकाकांनी नेमाने गोळ्या घेतल्या आणि ते असे बाळसं धरू लागले की, त्यांना स्वतःचेच सदरे उसवावे लागले.

बऱ्याच वर्षांनी साहेब वारले. गावाने स्मारक समिती नेमली. अध्यक्ष कोण? किराणा दुकानदार! तो हार आणि हमाल घेऊन आला. शिंपीकाका तेव्हा माझ्यात बसून दाढी करून घेत होते.

"उठा, ही पवित्र खुर्ची आहे! काचेच्या पेटीत ठेवणार. आता हिच्यावर कोणी बसणार नाही."

"वा! म्हणजे तुझं म्हणणं अजून तेच आहे," फेसाळल्या तोंडाने शिंपीकाका म्हणाले.

दुकानदार ओशाळला. त्याने हार हमालाच्या गळ्यात घातला आणि विचारलं, "मग साहेबांसाठी करायचं तरी काय?"

"त्यांच्या पुण्यतिथीला इथेच रक्ततपासणी ठेवू. पहिला नंबर अध्यक्षांचा."

"माझा? मला काय धाड भरलीय?"

"तेच बघायचंय ना!"

पुण्यतिथीच्या दिवशी दुकानदार माझ्यात बसला, तेव्हा त्याच्या थरथरण्याने माझा खिळा न् खिळा वाजला. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, तर त्याने डोळे मिटून शिंपीकाकांचा हात गच्च धरला. रक्त काढून झालं, तरी सोडला नाही. निकाल ज्याचा त्याला, आतल्या खोलीत सांगायचा असं ठरलं होतं. त्यामुळे मागची रांगही निर्धास्तपणे पुढे सरकली.

मित्रांनो, आता माझी विनंती. माझ्या सांध्यांना तेल घाला, गादी शिवून घ्या, पण मला पेटीत ठेवू नका. आणि कोणी आजारी पडलं, तर लांबून हळहळू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.