पहिल्या नंबरची बस्ती

माझी धाकटी बहीण दीक्षा पाणीपुरवठ्यात इंजिनीयर आहे. तिचा प्रामाणिकपणा आमच्याच घराला नडला, हे मी आजही तिच्या तोंडावर सांगतो.

पुढच्या तीस वर्षांच्या पाण्याचा आराखडा तिच्याकडे आला होता. धरण भरेल का, शहर किती वाढेल, कोणालाच ठाऊक नाही. म्हणून वाईटातलं वाईट धरून ठरवायचं, की पाणी आटलं तर आधी कुठल्या बस्तीचं तोडायचं. बैठकीत म्हणे सगळे नकाशाकडेच बघत राहिले. वाईटपणा कोण घेणार? दीक्षानं आमच्याच बस्तीवर बोट ठेवलं. आमची बस्ती लाइनीच्या शेवटाला, एवढं खरं. पण तशा आणखीही होत्या. आपल्या माणसांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून बाईसाहेबांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कारखान्यातून रिटायर झालेले आमचे बाबा, धोंडबा, मात्र छाती फुगवून फिरले. "पोरगी आपलं-परकं नाही पाहात," म्हणायचे. "आन् तीस सालाची गोष्ट हाय. तवरीक कोण राह्यते?"

धरण दुसऱ्याच वर्षी आटलं. आमच्याकडे पाणी दिवसाआड यायला लागलं, मग कधीमधी. रिकामी लाइन नालीची घाण आत ओढते, पहिली धार सोडून द्या, असं दीक्षा घरोघर सांगत फिरली.

वीस मार्चला, चवदार तळ्याची आठवण म्हणून, आमच्या बस्तीत सगळे एकाच रांजणातलं पाणी पितात. रांजण बाबाच भरायचे, आणि नळाच्या पहिल्या धारेनंच. त्या वर्षी नेमकं त्याच सकाळी पाणी आलं.

दीक्षा पोचली तेव्हा ग्लास वाटून झाले होते. तिनं हातात दिलेला ग्लास हुंगला आणि ओरडली, "कोणी पेऊ नका!"

सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. बाबांचा चेहरा उतरला. त्यांच्या आजोबांच्या हातचं पाणी गावात कोणी पीत नव्हतं, आणि आज पोटची पोरगी चारचौघांत त्यांच्या हातचं नाकारत होती. मला तिचा राग आला, आणि बाबांची कीव.

"बाबा, पाणी खराब हाय. नालीचा वास येऊन राहिला."

"आजच्या दिवशी मी पाणी फेकू?" असं म्हणून बाबा आपला ग्लास घटाघटा प्यायले. मग शेजाऱ्यानं ठेवलेलाही प्यायले.

कावीळ झाली, मग लिव्हरच निकामी झालं. पावसाळ्याआधी बाबा गेले.

परवा दीक्षाच्या साहेबांनीच तिला सांगितलं, "बेटा, अब अपनी बस्ती का नाम हटा दो. कोई कुछ नहीं कहेगा." पण त्या जागी दुसरं नाव तर लिहावं लागणार. ती नकाशा घरी घेऊन आली आणि नुसती बघत बसली.

"कावून थांबून राहिली?" मी चिडलो. "बदल ना!"

तिनं नकाशा माझ्यापुढे सरकवला. "तूच ठेव बोट, दादा."

मी ठेवलं.

"तिथं वच्छलाआत्या राह्यते."

मी बोट सरकवलं. शेवटी जिथं आमच्या ओळखीचं कोणी नाही, अशा बस्तीवर नेऊन टेकवलं. दीक्षानं पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही.

"इथं रांजण कोण भरते?" तिनं विचारलं.

"मले काय माहीत," मी म्हणालो. बोट मात्र मी उचललं नाही.